खांबटाक्यात न्यायचा दिवा

माझा थोरला भाऊ टाक्यात उतरला तो एका खांबावरची अक्षरं बोटांनी चाचपून वाचायला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. भोरच्या शाळेत तो मास्तर होता आणि त्याच्या वयाच्या बऱ्याच शिकलेल्या माणसांना जो छंद जडला होता तो त्यालाही होता. सुटी मिळाली की गड चढायचा, कातळावर ओरखडा दिसला की ते अक्षर आहे असं ठरवायचं, आणि परत आल्यावर त्यावर व्याख्यान द्यायचं. व्याख्यानाला मी असे आणि शाळेचा शिपाई असे. शिपायाला मागाहून सतरंज्या गुंडाळायच्या असत, म्हणून तो शेवटपर्यंत थांबे.

गुंजवणे गावाच्या वर, राजगडाच्या एका सोंडेवर, कातळात खोदलेलं हे टाकं आहे. बाहेरून पाहिलं तर गोठ्याच्या दारासारखं रुंद आणि बुटकं तोंड. आत कातळाचंच छत, त्याला आधार कातळाच्याच खांबांचा, आणि खाली पाणी. छत आत जाता जाता उतरत जातं. तोंडाशी पाणी आणि छत यांच्यात माणसाचं डोकं मावेल एवढी फट असते; मागच्या बाजूला पाणी छताला टेकलेलं असतं. दिवसाचा उजेड पहिल्या दोन खांबांपर्यंत पोचतो. त्यापुढं काय आहे ते कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिथं तळ नाही यावर गावाचं एकमत होतं.

दादाबरोबर गुंजवण्याचा एक वाटाड्या होता. साधा शेतकरी, हंगाम नसला की गडावर येणाऱ्यांना वाट दाखवायचा. तो म्हणाला, "मास्तर म्हनलं, जा, चार काटक्या आन, च्या करू. म्या गेलो. आलो तवा पानी हालत हुतं आन् मास्तर न्हवतं." हेच त्यानं पोलीस पाटलाला सांगितलं, हेच मला सांगितलं, हेच नंतर येईल त्याला सांगितलं. शब्द तेच, क्रम तोच. दादानं कमरेला छिन्नी आणि लोखंडी पट्टीची पिशवी बांधली होती, एवढं तो विचारल्यावर सांगे. काठावर चपला होत्या, उपरणं होतं आणि उपरण्यात गुंडाळलेला चष्मा होता. दादाला पोहता येत होतं. पण तो शिकला होता नीरेत, वाहत्या पाण्यात, उघड्या आभाळाखाली.

गावानं बांबू घालून पाहिला. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ सोडून पाहिला. काही लागलं नाही. बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांनी आपणच वर येतो असं म्हणतात. तो वर आला नाही.

मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. नंतर लोक म्हणत, तुम्ही फार धीरानं घेतलंत. धीराचा संबंध नव्हता. झोपेत हात अंगाखाली येतो आणि मग तो आपला आहे असं काही केल्या वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं. मी कचेरीत रजेचा अर्ज दिला. अर्जात एक वेलांटी चुकली होती, ती खोडून दुरुस्त केली. गुंजवण्याला जाताना वाटेत भाताची कापणी चालली होती, ती पाहिली. यंदा पीक बरं आहे असंही मनात आलं.

घरी प्रश्न वेगळाच होता. घरात आम्ही तिघं उरलो होतो: मी, आमची आत्या आणि वहिनी. आत्या लहानपणीच विधवा झालेली, लाल आलवणातली, डोक्यावरून पदर कधी न ढळलेली. वहिनी आंबवड्याच्या. मूलबाळ नव्हतं. आमच्या गुरुजींनी शास्त्र सांगितलं: प्रेत नाही, कुणी मरताना पाहिलेलं नाही, तेव्हा गृहस्थ गेले असं म्हणता येत नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि त्या दिवसापासून तो मेला असं धरायचं.

"आणि तोपर्यंत?" मी विचारलं.

"तोपर्यंत ती सवाष्ण."

शास्त्राला जिथं खात्री नव्हती तिथं लोकांना होती. कुणी म्हणे दादा संन्यास घेऊन गेला. एकानं तर त्याला सारोळ्याला, नीरेच्या पुलावर, भगव्या छाटीत पाहिला. डोळ्यावर चष्मा नव्हता, हेही त्यानं आवर्जून सांगितलं. चष्मा टाक्याच्या काठावर सापडला हे तोवर सगळ्या भोरला ठाऊक झालं होतं.

वहिनी रोज सकाळी फणेरपेटी उघडून बसायच्या. कुंकवाचा करंडा हातात घ्यायच्या आणि तशाच थांबायच्या. मग मला विचारायच्या, "भावोजी, आज लावू का?"

मी म्हणे, "लावा."

आत्या आतून म्हणे, "लावील नाहीतर काय करील? कळलंय का काही अजून?"

एका सकाळी वहिनींनी करंडा खाली ठेवला. म्हणाल्या, "मला हे रोज विचारायला लावू नका. असतील तर आहेत म्हणून सांगा. नसतील तर नाहीत म्हणून सांगा. जे असेल ते सोसेन. पण काय ते एकदा ठरवून द्या."

म्हणून मी रावसाहेबांकडे गेलो.

रावसाहेब म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणारे एक सधन गृहस्थ. रावसाहेब हा किताब सरकारनं त्यांना दिलेला नव्हता. त्यांनी सरकारची वाट पाहिली नव्हती, एवढंच. त्यांच्याकडे मोटार होती, बिलोरी आरसे होते, विलायती मासिकांचे बांधीव खंड होते. दादाच्या व्याख्यानाला ते एकदा आले होते आणि अध्यक्ष म्हणून व्याख्यानापेक्षा जास्त वेळ बोलले होते. मी सगळं सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आपण शास्त्रीय पद्धतीनं शोध करू." ते उभे राहिल्यामुळे मलाही उभं राहावं लागलं.

बुडी मारायला भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर मासे धरणारा एक भोई मिळाला. अडकलेली जाळी सोडवणं, पाण्यात गेलेली भांडी काढणं ही त्याची कामं. काळा, आडव्या अंगाचा, बोलायला तिखट. त्यानं टाक्याच्या तोंडाशी बसून बराच वेळ आत पाहिलं. काठावर शेंदूर लावलेले आसरांचे दगड होते, त्यांच्यापुढं नारळ फोडला. पाण्यातल्या या बायका माणूस खाली ओढून धरून ठेवतात आणि मान दिल्याशिवाय सोडत नाहीत, असं तिकडं मानतात. मग तो म्हणाला, "आडवं जायाचं हाय. वर डोस्कं काढाय जागा न्हाई. आंधळं जाऊन म्या काय करू? एक मास्तर आत हायेत, दुसरा भोई जाईल. दिवा पायजे."

"दिवा पाण्यात विझतो," रावसाहेब म्हणाले.

"विझतो म्हनून तर तुमाला आनलंय न्हवं."

तिथून पुढं आमचे दिवस दिवे निवडण्यात गेले. मी त्या कामात पूर्ण बुडून गेलो होतो. कुणी मला म्हणालं असतं की तू भावाला शोधतोयस, तर क्षणभर मला आठवावं लागलं असतं.

पहिली कल्पना आरशाची. रावसाहेबांच्या दिवाणखान्यातला पुरुषभर उंचीचा आरसा मोटारीनं मार्गासनीपर्यंत आला आणि तिथून चार गड्यांनी उभाच्या उभा वर नेला. गुंजवण्यात तो सावलीला टेकवला तेव्हा सगळं गाव त्यात बघून गेलं. एक म्हातारा बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आमी लई म्हातारं झालो की." त्याची बायको म्हणाली, "मला इचारायचं हुतं, म्या कवाच सांगितलं आसतं."

वर नेऊन आरशानं ऊन आत टाकलं तेव्हा मात्र सगळे पुढं वाकलो. पाणी हिरवं दिसायला लागलं. तिसरा खांब दिसला, त्याच्यावरचे छिन्नीचे घाव दिसले. अक्षरं दिसली नाहीत. मग भोई उतरला, त्याच्या पायानं तळचा गाळ उठला, आणि तेच ऊन त्या गाळावर पडून पांढऱ्या भिंतीसारखं उभं राहिलं. तो वर आला तो खोकत. "धुक्यात कंदील धरल्यावानी झालं," तो म्हणाला. "उजेड समूरनं नगं. उजेड माज्या हातात पायजे, आन् त्योबी नाकाफुडं न्हाई, बाजूला."

शिवाय ऊन सरकतं. गडी आरसा कलता करेपर्यंत ते दुसऱ्याच खांबावर जायचं. दुपारी ढग आलं आणि आरशात आम्हीच दिसायला लागलो.

दुसरा दिवा म्हणजे हातातली विजेरी. तिला सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली; पाणी आत गेलं. मग दुकानातली लिमलेटच्या गोळ्यांची जाड काचेची बरणी आणली, तिच्यात विजेरी पेटवून ठेवली, झाकण मेणानं बंद केलं. ती पेटली, पण थंड पाण्यात गेल्या गेल्या काचेला आतून घाम आला आणि उजेड दुधाळ झाला. यावर रावसाहेबांनी फडक्यात चुनकळी बांधून बरणीत ठेवायला सांगितली, ती ओल ओढून घेते म्हणून. काच स्वच्छ राहिली. रावसाहेबांची एखादी गोष्ट खरी निघाली की ती मान्य करणं जड जाई, कारण ते स्वतः ती चारचौघांत आधीच मान्य करून टाकत.

भोयानं बरणी डाव्या हाताला बांधली आणि हात लांब ठेवला. कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. शिवाय पहिल्या खांबाला, पाण्याच्या अगदी वर, एक कंदील त्यानं भर दिवसा पेटता टांगला.

"हा कशाला?" रावसाहेबांनी विचारलं. "सूर्य आहे ना."

"गाळ उठला की सूर्य जातोय कुठं त्ये समजत न्हाई. कंदील पिवळा दिसतो. पिवळं त्ये दार."

"आणि कंदील विझला तर?"

"मग तुमी हाक मारा. तुमचा आवाज पान्यातबी येतोय."

गडी हसले. रावसाहेबही थोड्या वेळानं हसले.

तो श्वास कोंडून जाई आणि येई. प्रत्येक वेळी जरा पुढं. पाय न मारता, खांबांना हातानं धरून, गाळ न उठवता. अशाच एका बुडीत त्यानं पिशवी वर आणली. कापडी पिशवी, नाडी तुटलेली, आत छिन्नी आणि पट्टी. वाटाड्यानं ती ओळखली. मीही ओळखली, पिशवी वहिनींनी जुन्या कोटाच्या अस्तराची शिवलेली होती.

"खालीच हायेत," भोई म्हणाला. "लोखंड कमरंला, गेलं तळाला. पिसवी तुटली आसंल मागनं. आसरांनी तळाला धरलंय."

आसरांवर रावसाहेबांचा विश्वास नव्हता, पण लोखंडावर होता. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. तळ शोधायचा हे तिथंच ठरलं, आणि बुडालेला माणूस वर येतो हे आम्हा सगळ्यांना माहीत असून कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पिशवी मी घरी नेली नाही. गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पिशवीला अग्नी देता येत नाही." ते बरोबरच होतं. वहिनींना मी एवढंच सांगितलं की शोध चालू आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "लावू का?" मी लावा म्हणालो. त्यांनी लावलं, आरशात पाहिलं नाही.

विजेरीचा उजेड हातभर पुढं जाई. तेवढ्यात तळ धुंडाळायला पावसाळा उजाडला असता. तेव्हा रावसाहेबांनी मोटारीच्या दिव्याचा बल्ब आणि मोटारीची ब्याटरी वापरायचं ठरवलं. बल्ब औषधवाल्याकडच्या मोठ्या बरणीत बसवला, तारेच्या जागी डांबर आणि रबर भरलं, लांब तार बाहेर काढली. ब्याटरी काठावर राहणार होती. पण तिच्यात तेजाब. ती कलती झाली की संपलं. सोंडेची वाट म्हणजे नुसती चढण. ती सरळ कशी न्यायची?

रावसाहेबांच्या घरी जुना मेणा होता, बंद पडद्यांचा, त्यांच्या आजीच्या वेळचा. भोयांचा पिढीजात धंदाच मेणे-पालख्या वाहायचा. पाण्याची भांडी घेऊन जातानाही त्यांच्या खांद्यावर पाणी हिंदकळत नाही. आमच्या भोयानं आपले भाऊबंद आणले. ब्याटरी मेण्यात ठेवली, भोवती उशा लावल्या, पडदे सोडले, आणि मेणा गुंजवण्यातून निघाला. मागं पगडी घातलेले रावसाहेब, त्यांच्या मागं मी.

विहिरीवरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या.

"आत कोन बाई हाय?"

"ब्याटरी हाय," भोई म्हणाला.

"कुनाची?"

"रावसायबांची."

"नवी केली व्हय? ह्या वयात?"

"तोंड तर दावा की," दुसरी म्हणाली.

"हात लावू नगा, भाजंल."

"आसंल तर मग बरूबर हाय," पहिली म्हणाली. "आमच्या सासूवानी दिसती."

रावसाहेबांनी सरळ पुढं पाहिलं. मी हसलो. मला वाटतं मी हसलो. वाटाड्यानं माझ्याकडे वळून पाहिल्याचं आठवतं.

मोठी बरणी पाण्यात टाकली तर ती बुडेना. आत एवढी हवा. तेव्हा तिला वजन बांधायला हवं. साध्या दगडानं काम झालं असतं, पण रावसाहेबांना शास्त्रीय पद्धतीत दगड नको होता. त्यांनी वेल्ह्याच्या किराणा दुकानदाराकडून छापाची लोखंडी वजनं मागवली. ती बरणीच्या गळ्याला साखळीनं बांधली, आणि बरणी संथपणे, अगदी हवी तशी खाली गेली.

त्या दिव्यानं तळ पाहिला. मी काठावर पालथा पडून पाहत होतो. तळ होता. इतकी वर्षं नाही म्हणत होते तो होता. घागरीची खापरं होती, एक बैलाचं शिंग होतं, गाळ होता. भोई बरणी पुढं नेई, ठेवी, वर येऊन श्वास घेई, पुन्हा जाई. खांबामागं, कोपऱ्यात, भिंतीलगत. दादा नव्हता. संध्याकाळी भोई काठावर बसून थरथरत होता. त्याला घोंगडी दिली. तो म्हणाला, "तळ सगळा बघितला. न्हाईत." मग म्हणाला, "शेवटच्या खांबामागला कोपरा तेवढा ऱ्हायला. उद्या बघतो. मग म्या जातो घरला."

रावसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "कदाचित... सारोळ्याचं ऐकलंत ना तुम्ही?" मी ऐकलं होतं म्हणालो. त्या क्षणी मला बारा वर्षं दिसली. बारा वर्षांच्या सकाळी. दुःख झालं असं नाही. लांबलचक रस्ता दिसावा तसं दिसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर पोचतो तो किराणा दुकानदार काठावर बसलेला.

"वजनं न्यायला आलोय," तो म्हणाला. "आज वेल्ह्याचा बाजार."

"इथं काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही का?" रावसाहेबांनी विचारलं.

"दिसतंय की. म्हणून तर काल आलो नाही. पण बाजाराला वजनं नसली तर मी काय, हातानं जोखू? मास्तर भले माणूस होते. माझ्याकडून चहा नेत असत." आणि त्यानं साखळी सोडून वजनं पोत्यात घातली. त्याला कुणी अडवलं नाही. बाजारापुढं रावसाहेबांचंही शास्त्र चालत नसे.

तेव्हा दगड आलाच. काठावरचे दगड आसरांचे, त्यांना हात लावायचा नव्हता. वाटेवरचा एक गोटा आणला, सुतळीची जाळी करून तिच्यात बसवला आणि बरणीला बांधला. भोयानं तो हिसडून पाहिला. "चालंल," म्हणाला. मग उतरला, उजव्या हातात बरणी. दोर माझ्या हातातून सरकत गेला. पहिला खांब, दुसरा, तिसरा. मग एकाएकी दोन हिसके. मी ओढला. तो तोंडाशी वर आला, हात रिकामे.

"सुतळीतनं धोंडा गेला," तो म्हणाला आणि दगडाच्या आईबापांचा उद्धार केला. "बरनी वर ग्येली. छताला जाऊन चिकाटली."

"तार ओढा," रावसाहेब म्हणाले.

"थांबा," वाटाड्या म्हणाला. एवढ्या दिवसांत त्यानं आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द असावा.

आम्ही आत पाहिलं. आजवर आमचा उजेड तळाला असायचा आणि वरचं सगळं काळं असायचं. आता उजेड वर होता. लांब, मागं, छताच्या कातळाला टेकून एक पिवळा गोळा होता आणि त्याच्याभोवती छत उजळलं होतं. उजेडाची एक बाजू मात्र कापल्यासारखी होती. तिथं काहीतरी आड येत होतं.

भोयानं पाण्यात तोंड घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मग तोंड बाहेर काढून त्यानं पुसलं.

"वर हायेत," तो म्हणाला. "छताला."

इतके दिवस दादा वरच होता. भोयाच्या पाठीवरून हातभर अंतरावर असेल. आम्ही खालचं उजळत होतो.

तो पुन्हा गेला, या वेळी छताला हात लावत, पालथा नव्हे तर उताणा. मी दोर सोडत गेलो. मग ओढायची वेळ आली. दोर जड झाला होता. माझे हात नीट चालले. मी हात पाहत होतो.

दादाला काठावर ठेवला तेव्हा रावसाहेबांनी पगडी काढली. त्यांनी घसा साफ केला. मी वाट पाहिली. ते एवढंच म्हणाले, "मेण्यातनं नेऊ या." एकदा प्रेत ठेवल्यावर तो मेणा त्यांना घरात घेता येणार नव्हता, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं उशा काढल्या. यामुळे मी त्यांच्याविषयी नंतर वाकडं बरंच कमी बोललो.

गुंजवण्याच्या नदीकाठी अग्नी दिला. भोरपर्यंत नेण्यासारखं उरलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारात होत्या.

"मिळाले?"

"मिळाले."

"कुठं?"

"मागच्या बाजूला. छताशी."

"म्हणजे वर यायला बघत होते."

"बुडालेलं शरीर आपोआप वर येतं वहिनी. तसा नियमच आहे."

"ते मला नका सांगू," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि कपाळ पुसलं. आत्या पुढं आली होती, तिला काही करावं लागलं नाही. त्या रात्री वहिनी जेवल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी पान पुरतं संपवलं. आत्याला ते बरं दिसलं नाही.

दहाव्याच्या सकाळी मी नदीवर जायला निघालो, तेव्हा मागीलदारी आत्या जमीन सारवून पाट मांडत होती. शेजारी पाण्याची घागर. ते कशासाठी हे मला लगेच कळलं नाही. वहिनींना कळलं होतं. त्या ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. केस सुटे होते, न विंचरलेले.

"आत्यांनी न्हाव्याला घरी बोलावलंय," त्या म्हणाल्या. "नदीवरचं तुमचं आटोपलं की येणार आहे." आवाज अगदी सरळ होता, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसा. "भावोजी, मी तुम्हाला म्हटलं होतं, ठरवून द्या. ते आहेत की नाहीत, ते. हे ठरवायला मी कुणाला सांगितलं नव्हतं."

आत्यानं वर पाहिलं नाही. "रीत आहे," ती म्हणाली.

"असेल," वहिनी म्हणाल्या.

मी नदीवर गेलो. गुरुजींनी मंत्र म्हटले, न्हाव्यानं माझं डोकं केलं, मिशी काढली. पाणी गार होतं. काम झाल्यावर तो वस्तरा धुता धुता म्हणाला, "आता घरी येऊ नव्हं? आत्याबाईंचा निरोप हाय."

"नाही," मी म्हणालो. "आज एवढंच काम."

"निरोप हाय न्हवं पन."

"निरोप बदललाय."

गुरुजींनी पळी थांबवली. मला वाटलं ते काही सांगतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं, आणि पुढचा मंत्र सुरू केला. न्हाव्यानं वस्तरा पुसून धोकटीत घातला.

घरी आलो तेव्हा आत्या मागीलदारी त्याच पाटावर बसली होती, स्वतःच. मी न्हावी येणार नाही म्हणून सांगितलं.

"माझ्या वेळी न्हाव्याला कुणी परत पाठवला नव्हता," ती म्हणाली. "बुडालेला नव्हता माझा. देवीनं गेला. सगळ्यांसमोर. मी नऊ वर्षांची होते, मला उठवून पाटावर बसवली."



ती गुडघ्यावर हात टेकून उठली. घागर कलती करून पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं. पाट उचलून भिंतीला उभा केला. मग आतल्या अंगाला तोंड करून, जरा मोठ्यानं, वहिनींना ऐकू जाईल असं म्हणाली, "डोक्याला तेल लाव गं. जटा होतील नाहीतर."